चार भोकांचं गोणपाट

गोठ्याचे पत्रे बदलायचे म्हणून सामान उतरवत होतो. आढ्याला अडकवलेलं गोणपाट लेकीनं खाली ओढलं आणि विचारलं, "बाबा, याला चार भोकं कशाला पाडलीत?"

चार पायांसाठी. चांद्याच्या.

१९९८ चा पावसाळा. पहिलारू गाय रात्री अकराला अडली. दोन खूर आणि नाकाचा शेंडा बाहेर, पुढं काही सरकेना. ओढ्याला पाणी आलेलं, डॉक्टर पलीकडच्या गावात. मी एकवीस वर्षांचा. खुरांच्या वर कासरा बांधला, शेजारच्या दोघांना मागं धरायला लावलं. डोकं आलं, छाती आली आणि कमर अडकली. अण्णा गायीच्या पोटावर हात ठेवून बसले होते. "थांब. कळ येऊ दे तिला. आन् खाली ओढ, तिच्या खुरांकडं." मला दिसत होती ती फक्त वासराची निळी पडलेली जीभ. मी गायीच्या मांडीला पाय लावला आणि सरळ मागं ओढलं.

आत काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. तो अण्णांनीही ऐकला.

गोऱ्हा जिवंत होता, कपाळावर पांढरा चांद. गायीनं त्याला चाटून कोरडा केला, आईनं चीक पाजला. उजाडेपर्यंत तो शंभरदा उठला असेल. पुढच्या दोन पायांवर उभा राहायचा आणि मागून कुत्र्यासारखा बसलेलाच.

ओढा उतरल्यावर डॉक्टर आले. त्यांची बोटं मानेपासून मणक्यावरून सरकत शेवटच्या, तेराव्या बरगडीपाशी थांबली. "कमर आईच्या हाडात अडकलेली असताना ओढलं की मणका इथंच जातो. कुणी ओढलं?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "मीच."

डॉक्टरांनी मागच्या खुराच्या बेचक्यात चिमटा घेतला. पाय झटकन आखडला. आई केवढ्यानं तरी म्हणाली, "हलला की!" डॉक्टरांनी मान हलवली. पाय आपोआप आखडतो, त्याला खरंच कळलं तर मान वळवेल, हंबरेल. त्याला सुई देऊन सोडवावं, असं त्यांचं म्हणणं होतं. अण्णा नाही म्हणाले. त्यांनी गोणपाट कापलं, भोकं पाडली, आढ्याला दोर बांधले आणि चांद्याला झोळीत उभं केलं.

डॉक्टरांचं ऐकायला हवं होतं, असं आज मला वाटतं. तेव्हा मात्र अण्णा नाही म्हणाले म्हणून मी सुटल्यासारखा झालो होतो.

रोज रात्री सगळे निजले की मी कंदील घेऊन गोठ्यात जायचो. चांद्याच्या मागच्या बेचक्यात नखानं दाबायचो, कधीकधी फार जोरात. पाय आखडायचा. मी त्याच्या तोंडाकडं बघायचो. मान वळेल, एकदा तरी ओरडेल. तो माझं मनगट चाटत राहायचा. चाळीस रात्री मी त्याला दुखवायला जात होतो आणि तो माझी वाट बघायचा. पावलांची चाहूल लागली की पुढच्या खुरांनी जमीन उकरायचा.

एका रात्री मागं वळलो तर दारात अण्णा. किती दिवस बघत होते कोण जाणे. म्हणाले, "दोर जरा वर घे. पाठीला काचतोय त्याच्या."

एकेचाळिसाव्या पहाटे झोळी नुसती लोंबत होती. आंब्याखाली खड्डा अण्णांनी एकट्यानं खणला. मला कुदळीला हात लावू दिला नाही.

लेकीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजोबा खोटं बोलले?"

अण्णांना आता ऐकू कमी येतं. ओसरीवरून विचारलं, "काय म्हणती पोर?"

"चांद्याचं विचारतीय," मी मोठ्यानं सांगितलं.

बराच वेळ ते गोणपाटाकडं बघत राहिले. "पुढच्या पायात लई जोर होता त्याच्या," म्हणाले.