मेलबर्नचा चौथा क्रमांक

1956 सालच्या डिसेंबरात मी फोर्टातील एका कचेरीत कारकून होतो, आणि दप्तर आवरताच पावले कूपरेजच्या मैदानाकडे वळविण्याचा माझा परिपाठ असल्यामुळे, टाटांच्या संघातून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाची चपळाई मी कित्येकदा प्रत्यक्ष पाहिलेली होती. म्हणूनच 2 तारखेच्या रविवारी, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 असे नमविले आणि त्यांतील तीन गोल एकट्या नेव्हिलचे, ही वार्ता वर्तमानपत्रात वाचताना, घरच्या मुलाचा मॅट्रिकचा निकाल हाती यावा तसा मला हर्ष झाला. ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम तोवर आशियातील कोणाही फुटबॉलपटूने केलेला नव्हता.

उपान्त्य सामन्यात गाठ पडली युगोस्लाव्हियाशी. चार वर्षांपूर्वी हेलसिंकीच्या थंडीत, बहुतांशी अनवाणी खेळणाऱ्या आपल्या संघाची याच प्रतिस्पर्ध्याने 10-1 अशी दाणादाण उडविली होती. त्या मानहानीनंतर सय्यद अब्दुल रहीम या हैदराबादच्या प्रशिक्षकांनी बूट घालून आखीव खेळ करणारा संघ घडविला. ते पेशाने शाळाशिक्षक होते, हे मला विशेष मोलाचे वाटते. मंगळवारच्या त्या सामन्यात मध्यंतरापर्यंत एकही गोल झाला नाही, आणि 52 व्या मिनिटाला पहिला गोल केला तो नेव्हिलनेच! दोनच मिनिटांत बरोबरी झाली, अखेरीस 4-1 असा पराभवही पदरी आला. परंतु ज्यांनी आपणांस तुडविले होते त्यांच्यावर भारताने आघाडी घेतली होती, ही गोष्ट मी कचेरीत भेटेल त्याला ऐकवीत होतो.

कांस्यपदकासाठी बल्गेरियाशी सामना झाला तो शुक्रवारी, 7 तारखेला. त्या दिवशी मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची अंत्ययात्रा निघाली होती, आणि दादरच्या चौपाटीकडे लोटलेल्या अपार जनसमुदायात मीही उभा होतो. त्या शोकात मेलबर्नचे स्मरण मला झाले नाही, आणि होणे उचितही नव्हते. सोमवारी शिपायाने रद्दीसाठी बांधलेला गठ्ठा सोडविला, तेव्हा एका अंकाच्या कोपऱ्यात निकाल सापडला: भारत 0-3 ने पराभूत, क्रमांक चौथा. तो तुकडा कापून मी जपून ठेवला.

हेलसिंकीपासून मेलबर्नपर्यंत त्या संघाने केलेली वाटचाल मी कांस्यपदकाहून मोठी मानतो. नेव्हिलचे एकूण चार गोल झाले. त्या स्पर्धेत त्याहून अधिक गोल कोणीच केले नाहीत.