थ्री नॉट थ्रीमध्ये गोळी कोणती घालायची?

गेल्या पंधरवड्यात इनबॉक्सला एक मेसेज आला. तालुक्यातलंच गाव, नाव मुद्दाम लिहीत नाही. फौजेत असलेले आजोबा वारले, माळा साफ करताना ट्रंकेमागे गोणपाटात गुंडाळलेली जुनी मिलिटरीची रायफल निघाली. सोबत फोटो आणि प्रश्न : "दादा, तुम्ही पोलिसांच्या बातम्या करता, तुम्हाला ठाऊक असेल. हिच्यात गोळी कोणती बसते? भातात डुक्करं घुसतात हो."

फोटो बघताक्षणी ओळखली. लाकडी दस्ता थेट नळीच्या टोकापर्यंत, मधे दहा गोळ्यांचं मॅगझिन, उजवीकडे बोल्टची मूठ. ली एनफिल्ड. आपल्याकडची भाषा, थ्री नॉट थ्री. ज्यांनी कॉलेजात एनसीसी केली त्यांच्या खांद्याला हिचा धक्का अजून आठवत असेल.

त्या मुलाला फोन करून जे सांगायचं ते सांगितलं. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. गोळी कोणती? वाटतो दुकानदाराला विचारायचा प्रश्न, पण उकलत गेलो तर तो आपल्या सगळ्यांचा निघाला. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ काढून वाचा.

आधी कायद्याचं बोलू, कारण तिथेच पुष्कळ जण फसतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यात थ्री नॉट थ्री ही साध्या माणसाची बंदूकच नाही. ती 'प्रोहिबिटेड बोअर', म्हणजे फौजेच्या मापाची. तिचा परवाना ना तहसीलदार देतो ना कलेक्टर, तो केंद्र सरकारचा विषय. परवान्याशिवाय असं हत्यार सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा सात वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंत. "आजोबांची आठवण आहे" हे कोर्टात चालत नाही. घरात असं काही निघालं तर हात न लावता पोलीस ठाण्याला कळवायचं, पंचनामा करून जमा करायचं, पोच घ्यायची. पनवेल, उरणवाल्यांनी लक्षात ठेवा, आपला जिल्हा रायगड असला तरी आपली ठाणी नवी मुंबई आयुक्तालयात येतात. बंदुकीच्या कागदांसाठी अलिबागला हेलपाटे घालू नका. आणि डुकरांचं म्हणाल तर त्याला वनखात्याकडे अर्ज आहे, पंचनामा आहे, भरपाई आहे. रखडते, हे मान्य. पण चौदा वर्षांपेक्षा बरी.

या बंदीतून एक गंमत झाली. थ्री नॉट थ्री नागरिकाला द्यायची नाही, पण ईशापूरच्या सरकारी कारखान्याकडे यंत्रं तीच, कारागीर तेच. मग त्याच सांगाड्यावर नळीचं माप बदलून .३१५ ची रायफल काढली. आज परवान्यावर मिळते ती ही. लांबून बघाल तर बहिणी बहिणी, पण एकीचं काडतूस दुसरीत चालत नाही. तिसरी बहीण आणखी फसवी. साठच्या दशकात ईशापूरनं त्याच घडणीची ७.६२ ची रायफल काढली. मॅगझिन जरा चौकोनी, बाकी सारखीच. फोटो बघून "हिच्यात अमुक गोळी घाला" असं सांगणारा माणूस म्हणूनच धोकादायक. नळीवरचा आणि खटक्याजवळचा शिक्का वाचल्याशिवाय जाणकार तोंड उघडत नाही. काडतुसाच्या बुडावरही शिक्का असतो, कारखान्याचा आणि सालाचा.

आता समजा रायफल खरीच थ्री नॉट थ्री आहे. मग गोळी थ्री नॉट थ्रीची, संपलं? नाही. तिच्याही पिढ्या आहेत.

सुरुवातीची गोळी गोल तोंडाची, जड, २१५ ग्रेनची. १९१० साली मार्क सात आली. टोकदार, १७४ ग्रेन, सुटताना सेकंदाला जवळपास साडेसातशे मीटर. गोळी बदलली तसा तिचा मार्गही बदलला, त्यामुळे जुन्या रायफलींवरचे नेम धरायचे आकडे नव्यानं करावे लागले. पुढे मार्क आठ आली, ती मुळात मशीनगनसाठी. साध्या रायफलीत बसते, उडतेही. पण जुन्या कॉर्डाइट दारूनं झिजलेल्या नळीत तिचा नेम राहत नाही आणि नळी आणखी झिजते. बसते म्हणजे चालते असं नाही, हे इथं कळतं. (राजकारणातही हेच, पण तो विषय वेगळा.)

एका निवृत्त हवालदारांनी मला मागे हे सगळं समजावलं होतं, नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर, दोन कटिंगमध्ये. त्यांचं म्हणणं, गोळी निवडणं सोपं, नंतरचं पाणी विसरू नये. जुन्या काडतुसाच्या टोपीत जे रसायन असायचं ते जळल्यावर नळीत मिठाच्या जातीचा क्षार सोडतं. आपल्या खाडीकाठच्या माणसाला मीठ आणि लोखंडाचं नातं सांगायला नको. पावसाळ्यात एका रात्रीत नळीला गंज धरतो. तेल लावून तो क्षार जात नाही. आधी कढत पाणी ओतायचं, दोरीला चिंधी बांधून नळी कोरडी करायची, मग तेल. दुसरी गोष्ट भरण्याची. या काडतुसाच्या बुडाला कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे राहील असं भरलं नाही तर कडेत कड अडकते आणि ऐन वेळी बोल्ट पुढे सरकत नाही. आणि तिसरी, जुना माल. पत्र्याखाली वर्षानुवर्षं तापलेलं, पावसाळे खाल्लेलं काडतूस कधी उडत नाही, कधी खटका दाबल्यावर क्षणभरानं उडतं. घाईनं बोल्ट उघडणाऱ्याचा डोळा जातो.

हे सगळं घरगुती शौकिनाला उपयोगाचं नाही, कारण त्याला ही रायफल ठेवताच येत नाही. ज्याला उपयोगाचं आहे तो माणूस खाकीत आहे. १९६२ च्या युद्धात आपले जवान हीच रायफल घेऊन लढले. पुढे फौजेला नवी हत्यारं आली आणि ही खाली उतरली. राज्यांच्या पोलिसांकडे, होमगार्डकडे, एनसीसीकडे. फौजेनं उतरवलेलं ठाण्यानं घातलं, थोरल्याचा शर्ट धाकट्याला तसं. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर हिला समारंभपूर्वक निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनी.

आणि इथं तो प्रश्न पुन्हा उभा राहतो. पोलिसाच्या हातातल्या जुन्या लष्करी रायफलीत गोळी कोणती?

हिच्या नेमपट्टीवर दोन हजार यार्डांपर्यंतचे आकडे आहेत. ही गोळी रणांगणासाठी आहे, पल्याडच्या टेकडीवरच्या शत्रूसाठी. कापड बाजारात किंवा उरण नाक्यावर जमलेल्या गर्दीसाठी नाही. ती एका माणसाला लागून तिथंच थांबेल याची खात्री नाही. इंग्रजांनाही हे कळत होतं. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शरीरात फुलणारी गोळी केली, ती इतकी वाईट की १८९९ साली हेगच्या परिषदेत तसल्या गोळ्यांवर बंदीचा ठराव झाला. उलट बाजूनं, इथल्या पोलिसांसाठी त्यांनी हीच रायफल पोखरून .४१० ची गुळगुळीत नळीची मस्केट केली. पल्ला कमी, एका वेळी एकच काडतूस. त्यात त्यांची दया किती आणि भीती किती हे ओळखायला इतिहासाची पदवी नको. नेटिव्ह शिपायाच्या हातात पुरी रायफल द्यायची नाही, आणि ती कुणी पळवलीच तर तिच्यात फौजेची गोळी बसायला नको. गोळी निवडणं हे राज्यकर्त्याचं जनतेविषयीचं मत असतं, ते असं.

आपल्या भागाला हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. २५ सप्टेंबर १९३०, चिरनेर, अक्कादेवीची टेकडी. जंगल सत्याग्रहाला जमलेल्या आगरी, कोळी, कातकरी माणसांवर गोळीबार झाला. नाग्या कातकरी त्यातलाच. त्याच गोळीबारात सरकारचे स्वतःचे मामलेदारही गेले. गर्दीत सुटलेली गोळी कोण कुठल्या बाजूचा हे विचारत नाही, याचा याहून मोठा पुरावा काय हवा?

मग स्वातंत्र्य आलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४, जासई परिसर. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर, पुन्हा गोळीबार, पाच हुतात्मे. त्या रक्तातून साडेबारा टक्क्यांचा हक्क आला, ज्यावर आज आपल्यापैकी कित्येकांच्या इमारती उभ्या आहेत. मी तेव्हा शाळेतही जात नव्हतो. पण आमच्या घरात जानेवारीत हा विषय निघाला की मोठी माणसं आवाज खाली आणून बोलायची, ते पक्कं आठवतं.

दरवर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरला हुतात्म्यांना शासकीय मानवंदना होते. पोलीस बंदुकीच्या फैरी झाडतात. मी बातमीसाठी अनेकदा गेलोय. त्या फैरीतलं काडतूस कोरं असतं. दारू असते, आवाज असतो, पुढं गोळी नसते. बंदूक तीच, माणसं त्याच खात्याची, फक्त आत घातलेलं काडतूस वेगळं. एका काडतुसानं हुतात्मा होतो, दुसऱ्यानं त्याला सलामी मिळते.

हे वाचून कुणी मला पोलीसविरोधी म्हणेल. थांबा. दुसरी बाजू सीएसएमटीची आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री त्या स्टेशनात एके-४७ समोर आपल्या पोलिसांकडे काय होतं? लाठ्या आणि काहींकडे थ्री नॉट थ्री. एका गोळीनंतर बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, मग दुसरी. रेल्वे सुरक्षा दलाच्या झुल्लू यादव यांनी तरीही सहकाऱ्याची रायफल घेऊन गोळी झाडली. तुकाराम ओंबळे तर गिरगाव चौपाटीवर नुसत्या लाठीनिशी भिडले. पुढे राम प्रधान समितीनं जे दाखवून दिलं त्यात हत्यारांइतकीच गोळ्यांची टंचाई होती, आणि त्या टंचाईपायी बंद पडलेला गोळीबाराचा सराव. म्हणजे वर्षभर चांदमारीला गोळी मिळत नाही आणि एका रात्री अचूक नेमाची अपेक्षा.

आता दोन्ही टोकं जोडून बघा. सराव नसलेला शिपाई अतिरेक्यासमोर कमी पडतो, आणि गर्दीसमोर तोच घाबरून जास्त झाडतो. कमरेखाली नेम धरा हा नियम कागदावर लिहिणं सोपं आहे. जुन्या नळीतून, जुन्या गोळीनं, वर्षानुवर्षं सराव नसताना कमरेखाली नेम धरून दाखवा. जासईतला आणि सीएसएमटीतला प्रश्न एकच आहे, आणि तो शौर्याचा नाही, गोळ्यांच्या हिशेबाचा आहे.

हिशेब मी जवळून पाहिलाय. ठाण्यातून निघालेल्या प्रत्येक राउंडची नोंद होते. एक पुंगळी कमी भरली तर शिपायाला रात्रभर झोप नसते, चौकशी लागते. पण वर्षात सरावासाठी माणशी किती गोळ्या मिळाल्या, हा हिशेब जनतेसमोर येताना मी तरी पाहिलेला नाही. सांडलेल्या पुंगळीची काळजी आहे, न शिकलेल्या हाताची नाही.

आपल्याच राज्यात खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, वरणगावला दुसरा. २०२१ नंतर दोन्ही म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत गेले, तिचं मुख्यालयही पुण्यात. गोळी बनवणारं राज्य आपलं. मग आपल्याच शिपायाला सरावासाठी ती मोजून मापून का मिळावी?

पनवेल आता महापालिका आहे, शेजारी विमानतळ आहे, बंदर आहे, तळोज्याची कारखानदारी आहे. माणसं वाढली, मोर्चे वाढणार, धोकेही वाढणार. म्हणून आपल्या आमदार-खासदारांना, पुढच्या अधिवेशनाआधी, तीन साधे प्रश्न विचारायचं मी ठरवलंय. आयुक्तालयातल्या प्रत्येक ठाण्याला सरावाच्या गोळ्या वर्षाला माणशी किती मिळतात? जमाव पांगवायला जाणाऱ्या तुकडीकडे जीव न घेणारी साधनं आधी आणि पुरेशी असतात का? आणि जुनी लष्करी रायफल अजून बंदोबस्ताला दिली जाते का, दिली जात असेल तर तिच्यातल्या काडतुसाचं साल काय?

उत्तरं आली की इथेच टाकीन, नाही आली तर तेही टाकीन. होमगार्ड, निवृत्त पोलीस, माजी सैनिक मंडळींनी कमेंटमध्ये आपला अनुभव जरूर लिहा. सेवेत असलेल्यांनी मात्र लिहू नका, तुमची नोकरी महत्त्वाची आहे. तुमच्या वतीनं विचारायला आम्ही आहोत.