शंभरांतला अडतिसावा

आमच्या दिवाणखान्यात सैयद हैदर रझांचा एक बिंदू टांगलेला आहे. घरी येणारा जाणकार तो पाहून आधी दचकतो, मग जवळ जाऊन डाव्या कोपऱ्यातला पेन्सिलीने लिहिलेला 38/100 हा आकडा वाचतो आणि ‘अच्छा, प्रिंट आहे’ म्हणत सैलावतो. त्या सैलावण्याचा मला अनेक वर्षे राग येत असे. दोन महिन्यांचा पगार मोजून घेतलेल्या वस्तूविषयी माणूस हळवा असतोच. पण राग तेवढ्यापुरताच होता असे आता वाटत नाही.

सेरीग्राफ म्हणजे पोस्टर नव्हे. प्रत्येक रंगासाठी चौकटीवर ताणलेली वेगळी जाळी लागते. रबरी पट्टीने दाबून रंग तिच्यातून कागदावर उतरवायचा, तो वाळू द्यायचा, मग दुसरी जाळी. कागद केसभर सरकला तरी प्रत बाद. ठरलेल्या प्रती झाल्या की चित्रकार आकडा घालून सही करतो आणि छपाई थांबते. जाळी काही शंभराव्या प्रतीला थकत नाही. थांबायचे ते बाजारासाठी. असो. रझांचे 1983 चे ‘सौराष्ट्र’ 2010 साली लंडनच्या लिलावात 16 कोटींवर गेले. माझ्यासारख्याच्या वाट्याला जाळीतून उतरलेला बिंदूच येणार होता.

मध्य प्रदेशातल्या बाबरियात 1922 साली जन्मलेले रझा नागपूर आणि मुंबईच्या जे. जे.मधून 1950 साली पॅरिसला गेले. त्यांची साठ-सत्तरच्या दशकांतली निसर्गचित्रे मला अधिक प्रिय आहेत. तिथे रंग धुमसतो, कुंचल्याचा आवेग थरांतून जाणवतो. जाळीतून ते उतरणे कठीण. सत्तरीच्या अखेरीस बिंदू आला: वर्तुळ, त्रिकोण, नेमक्या कडा. तो जाळीतून असा उतरतो, जणू तिच्यासाठीच रेखलेला. इथेच माझी अडचण सुरू होते. छापताना ज्याचे फारसे काही हरवत नाही, त्याचे आधीच काही हरवले होते काय? पुनरावृत्तीच्या आक्षेपावर रझा जपाचा दाखला देत. तो मला पटतो. मात्र शेवटच्या काळातल्या काही बिंदूंपुढे जप संपून नुसती मोजणी उरल्यासारखे वाटते. माझा बिंदू त्यांतलाच नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

जानेवारी 2009 मध्ये दिल्लीत स्वतःच्याच चित्रांच्या प्रदर्शनाला गेलेल्या रझांना दिसले, की भिंतींवरची अनेक चित्रे आपली नाहीतच. खाली नाव त्यांचे, पण हात दुसऱ्याचा. ती बातमी वाचली त्या रात्री मी दिवाणखान्यात बराच वेळ बसून होतो. आपण शंभरांतले एक आहोत, हे निदान माझा कागद लपवत नव्हता.

गेल्या दिवाळीआधी फ्रेम बदलायला टाकली. फ्रेमवाला म्हणाला, ‘साहेब, माउंट जरा वर घेतो. आकडा झाकला जाईल, सही तेवढी दिसेल.’ मोह झाला, नाही असे नाही. पैसे देताना त्याला सांगितले, आकडा दिसू दे.