परक्या गावचा दिवा

लेकीने फिनलंडच्या मुलाशी लग्न केले, ते ह्यांनी मनाला लावून घेतले. माळकरी माणूस, पंधरा वाऱ्या पायी केल्या. पण लेकीचा उंबरा ओलांडला नाही. ह्यांच्या अस्थी इंद्रायणीत सोडल्यावर मी एकटीच नाताळाला तिकडे गेले.

24 डिसेंबर. दुपारी सव्वातीनलाच सूर्य मावळला. घर लेकीच्या दीर-जावांनी, पोरांनी भरलेले. माझी माळ पाहून विहीणबाईंनी दुधातली तांदळाची खीर आधीच वेगळी काढली होती. मग सगळे बर्फ तुडवत दफनभूमीत गेलो. त्या संध्याकाळी तिथे लोक आपापल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. बर्फात शेकडो ज्योती. मला चंद्रभागेतले दिवे आठवले.

ज्यांची माती दुसरीकडे झाली, त्यांच्यासाठीही तिथे एक जागा राखलेली असते. विहीणबाईंनी तिथे मेणबत्ती माझ्या हाती दिली आणि अडखळत ह्यांचे नाव घेतले. लेक हुंदके देऊ लागली.

माउली, वारीत आपण अनोळख्याच्याही पाया पडतो. मी वाकले. विहीणबाई क्षणभर गोंधळल्या. मग त्याही वाकल्या.

रामकृष्णहरी.