चपट्या तोंडाची गाडी आणि आमचा जमाखर्च

आमच्या रिठदवरून रिसोडकडे नाहीतर वाशिमकडे जाणाऱ्या रस्त्यावर आज पिकअप गाड्यांची काही कमी नाही. सोयाबीन असो, तूर असो, लग्नाचे बिऱ्हाड असो, पिकअप हजर. पण बोनेट नसलेली, चपट्या तोंडाची, मधोमध इंजिन आणि इंजिनाच्या दोन्ही अंगांना दोन माणसे अशी जुनी महिंद्राची पिकअप ज्यांनी चालताना पाहिली, ती माणसे आता बहुतेक साठीच्या पुढची आहेत. तशी एक गाडी गेली तीन वर्षे आमच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये उभी आहे आणि आम्ही ती दुरुस्त करीत आहोत. आम्ही म्हणजे आम्ही स्वतः, आमचे थोरले बंधू आणि आयटीआयमधून मोटार मेकॅनिक होऊन घरी बसलेला पुतण्या. आम्ही हुद्द्याने कारकून. पाना धरण्यापेक्षा लेखणी धरण्याची सवय जास्त.

आधी गाडीची कुळकथा सांगतो. जीप ही लढाईची पोर. 1940 साली अमेरिकेच्या सैन्याला हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी होती, त्यातून ती जन्मली. आपल्याकडे 1945 साली महिंद्रा अँड मोहम्मद नावाची कंपनी निघाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि 1948 पासून कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. 1947 पासूनच मुंबईत विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडणी सुरू झाली होती. बोनेट कापून टाकल्यासारखी दिसणारी आमची पिकअप त्याच घराण्यातली. अमेरिकेत ती 1956 च्या अखेरीस निघाली. (1956 साल आपल्या माणसांना वेगळ्याच कारणाने पाठ आहे, तो विषय इथे नाही.) तिकडे ती आठ-नऊ वर्षांत बंद पडली. इकडे मात्र 1965 च्या सुमारास महिंद्राने हे रूप बनवायला घेतले. तोंड चपटे असल्याने कमी लांबीच्या गाडीत मोठा डाला बसतो, माल जास्त मावतो. गरिबाच्या देशाला हाच हिशेब परवडणारा होता.

आमचे बाबा 1970 पासून पंधरा वर्षे हीच गाडी चालवीत होते. गाडी एका व्यापाऱ्याची, चालवणारे बाबा. 1972 च्या दुष्काळात तिच्यात मिलो ज्वारीची पोती आली. त्याच साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, आणि पुढे हंगामात रात्र-रात्र केंद्रावर रांगेत उभे राहून बाबा डाल्याखालीच अंग टाकीत. उन्हाळ्यात मधल्या इंजिनाच्या धगीने त्यांची डावी पोटरी भाजल्यासारखी होई. माय रात्री तिला खोबरेल लावून देई. पुढे व्यापाऱ्याने मेटॅडोर घेतली आणि ही गाडी गोदामाच्या पडवीत लागली. बऱ्याच मालकांनी त्या काळी पेट्रोल इंजिन उपसून डिझेल बसवले. आमची गाडी उभी राहिली म्हणूनच त्यातून वाचली. आम्ही लहानपणी तिच्या डाल्यात लपाछपी खेळलो आहोत.

बाबा गेले. 2022 साली व्यापाऱ्याच्या वारसांनी गोदाम मोकळे करायला काढले आणि गाडी भंगारवाल्याच्या काट्यावर जायची वेळ आली. आम्ही वजनाच्या भावाने ती घेतली. घरात एकमत नव्हते. पुतण्या म्हणाला, "काका, कायले आणता हे भंगार? तेवढ्या पैशात जुनी मोटारसायकल येते." वहिनींनीही तोंड फिरवले. माय मात्र बोलली, "तुह्या बापानं पंधरा वर्सं हिचं चाक धरलं, पन एक दिस हे हिचा मालक नोयता." त्यावर कोणी काही बोलले नाही.

आम्ही बी.कॉम. असल्याने पहिल्या दिवसापासून वही घातली. घसाऱ्याच्या दोन पद्धती आम्हाला कॉलेजात शिकवल्या होत्या. सरळ पद्धतीने दरवर्षी सारखी रक्कम वजा केली की काही वर्षांत वस्तूची किंमत शून्य. घटत्या शिल्लक पद्धतीने मात्र किंमत कमी कमी होत जाते, पण शून्य कधीच होत नाही. बंधूंना हे समजावून सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मंग आपली दुसरीच पद्धत लिही." वहीत तीच चालू आहे.

आता कामाचे सांगतो, कारण काही वाचकांच्या घरीही जुनी जीप उभी असेल. इंजिन जाम होते. जाम इंजिनाला धक्का मारून किंवा सेल्फ देऊन फिरवू पाहणे म्हणजे रिंगा आणि पिस्टन मोडणे. आम्ही प्लग काढले, चारही भोकांतून डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण सोडले आणि पंधरा दिवस हात लावला नाही. मग क्रँकच्या पुलीच्या नटला लांब पाना लावून थोडे पुढे, थोडे मागे, असे रोज केले. नवव्या दिवशी इंजिन अर्धा फेरा फिरले. त्या संध्याकाळी पुतण्या जेवायला यायला तयार नव्हता.

या इंजिनाची एक गंमत आहे. चार सिलिंडर, सुमारे 2200 सीसी. आत हवा-पेट्रोल घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, आणि धूर सोडणारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकच्या बाजूला. म्हणजे अर्धे इंजिन नव्या रीतीचे, अर्धे जुन्या. त्यामुळे टॅपेट दोन ठिकाणी लावावे लागतात. वरचे 0.018 इंचावर आणि बाजूचे झाकण काढून खालचे 0.016 इंचावर. पुतण्याच्या आयटीआयच्या पुस्तकात असे इंजिन नव्हते. त्याने फिलर गेज हातात घेतले आणि स्वतःच शिकला. तीन पाइपांची तिवई करून, चेनपुली टांगून इंजिन बाहेर काढले. बोअरचे काम अकोल्याला करून आणले. व्हॉल्व्ह मात्र पेस्ट लावून घरीच घासून बसवले. हेडचे नट मधून कडेकडे, फेऱ्या करून आवळायचे, एका दमात नाही. नाहीतर हेड वाकते आणि गॅस्केट फुटते.

पत्रा हा वेगळाच वैताग. चॅसिस जाड, ती गंजूनही टिकली. पण कॅबिनचा तळ चाळणी झालेला. गंज ब्रशने घासून, फॉस्फोरिक ॲसिडचे द्रावण लावून, धुऊन, वाळवून, त्यावर रेड ऑक्साइड. घाईने गंजावरच रंग मारला तर एका पावसाळ्यात फुगे येतात. डाल्याचे फाळके आम्ही बाभळीच्या लाकडाचे नवे केले, तेवढे सुतारकाम बंधूंचे.

दोन धोके आवर्जून सांगतो. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते. ड्रम उघडून त्यातली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती धूळ फुप्फुसात कायमची बसते. दुसरा धोका पेट्रोलचा. 2025 पासून देशभर पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. नव्या गाड्या त्याच्या हिशेबाने बनतात. पण जुन्या कार्बोरेटरचे आणि पंपाचे रबर इथेनॉलने फुगते, ठिसूळ होते, शिवाय इथेनॉल पाणी ओढते आणि टाकी आतून गंजते. आम्ही पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घातला आणि गाडी उभी ठेवायची तर टाकी रिकामी ठेवतो.

सुटे भाग कसे मिळाले ते विचारू नका. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव जुन्या जीप नव्याने उभ्या करण्यासाठी प्रसिद्ध आहे. गिअरचा एक भाग तिकडून पार्सलने आला. क्युबात म्हणे लोक साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन मोटारी अजून टॅक्सी म्हणून चालवितात, कारण अमेरिकेने व्यापार तोडला आणि नवी गाडी आलीच नाही. गरजेने माणूस मेकॅनिक होतो.

खरी अडचण कागदांची आहे. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने जुन्या, म्हणजे 'व्हिंटेज' गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर वीस हजार रुपये भरून दहा वर्षांची नोंदणी मिळते, पाटीवर व्ही.ए. ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच. हे सर्व ठीक. पण या व्याख्येत दुचाकी आहेत आणि चारचाकींत फक्त प्रवासी गाड्यांचा एम-वन वर्ग आहे. मालवाहू पिकअप त्यात बसत नाही. म्हणजे एखाद्या संस्थानिकाची मोटार पन्नास वर्षांनी वारसा ठरते, आणि त्याच वयाची, दुष्काळात धान्य वाहिलेली पिकअप भंगारच राहते. नियम करणाऱ्याच्या मनात वाईट होते असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर बंगल्यातली मोटार होती, बाजार समितीच्या आवारातली गाडी नव्हती, एवढेच. आम्ही दिल्लीला मंत्रालयाकडे अर्ज पाठवला आहे. टंकलेखन आणि मजकूर आमचाच. तीस वर्षांखालच्या पोरांनी त्यावर सह्या केल्या, हे विशेष. उत्तर येईपर्यंत गाडी घरच्या आवारातच राहील.

पुतण्याचे मात्र बरे झाले. गाडी पाहायला आलेल्या एका शेतकऱ्याने आपली जुनी जीप त्याच्याकडे सोडली, मग दुसऱ्याने. शेडमध्ये आता आमच्या गाडीला जागा अपुरी पडते, आणि पुतण्या आम्हालाच म्हणतो, "काका, हे आपली थोडी बाजूले घ्या, गिऱ्हाइकाची आत घ्याची हाय."

इंजिन सुरू झाले आहे. ब्रेक अजून बाकी आहेत. या गाडीला एकच मास्टर सिलिंडर आहे, एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले, म्हणून सगळे पाइप नवे टाकल्याशिवाय आवारातसुद्धा फिरवायची नाही असे बंधूंनी बजावले आहे. किट येत्या महिन्यात येईल. मायने आतापासूनच सांगून ठेवले आहे, की ती डाल्यात बसणार नाही, पुढे बसणार आहे.