खाऱ्या तळ्यात गोडे पाणी

अकोला, दर्यापूर, शेगावकडच्या वाचकांना खारपाणपट्टा काही सांगायला नको. पूर्णेच्या दोन्ही अंगांना विहीर खणावी तर पाणी खारे. तिथे गोड्या पाण्याची घागर म्हणजे देवाचा प्रसाद! पण आपल्याच वऱ्हाडात असे एक ठिकाण आहे, की जिथे गोडे पाणी वाढले तर काळजी वाटावी. ते ठिकाण म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातले लोणार.

अकोल्याहून पातूर, मालेगाव, मेहकर करीत सुलतानपूरवरून लोणारला जाता येते. गावाच्या कडेला उभे राहिलात की पायापुढे थाळीसारखा गोल, खोल खळगा दिसतो. आकाशातून कोसळलेल्या अशनीने काळ्या पाषाणात पाडलेला हा खड्डा सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. उतारावर झाडी, तळाशी हिरवट पाणी. हे पाणी खारे, आणि धुण्याच्या सोड्यासारखे. इथल्या क्षारांपासून साबण आणि काच करीत, अशी नोंद ‘ऐन-ए-अकबरी’त आहे.

अशा पाण्यात मासा जगत नसे. जगत ते शेवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे जीव. अशाच एका नव्या जिवाणूला 2010 साली शास्त्रज्ञांनी ‘इंडिबॅक्टर’ हे नाव दिले. 2020 च्या जूनमध्ये पाणी आटून खारटपणा वाढला आणि तळे चक्क गुलाबी झाले. तो रंगही मिठात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचाच होता. काठच्या झाडीत लांडगा आहे, पांढऱ्या मानेचा करकोचा आहे. म्हणूनच त्याच वर्षी जगातल्या मोलाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत लोणारचे नाव गेले.

आता जरा दूर चला. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला समुद्रात ब्रॅम्बल के नावाचे वाळूचे बेट आहे. आपल्या दहा-बारा एकरांच्या वावराएवढे. त्यावर एक तपकिरी उंदीर राहत असे, जगात दुसरीकडे कुठेच नाही. पृथ्वी तापली, बर्फ वितळले, समुद्र चढला. भरतीचे खारे पाणी बेटावर पुन्हा पुन्हा शिरले आणि उंदराचा चारा जळून गेला. 2009 नंतर तो कोणाला दिसला नाही. 2019 साली ऑस्ट्रेलिया सरकारने तो नामशेष झाल्याचे जाहीर केले.

तुम्ही म्हणाल, उंदीर गेला तर बरेच झाले! पण तो काही आपल्या कणगीतला उंदीर नव्हे. त्याला जायला दुसरी जागाच नव्हती, ही गोष्ट ध्यानात घ्या.

लोणारचे तळेही एक बेटच समजा, फक्त उलटे. तिथे खारे पाणी चढले, इथे गोडे चढते आहे. पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी खळग्यात उतरते, पण बाहेर पडायला ओढा नाही. उन्हाने वाफ होईल तेवढेच जाते. येणे वाढले की पातळी वाढते आणि खारटपणा उतरतो. 2025 साली कमळजादेवीच्या मंदिरात पाणी शिरले, तळ्यात मासेही दिसू लागले. हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेला आहे.

मासे दिसले म्हणून आनंद मानू नका. खाऱ्या पाण्यावर जगणाऱ्यांचे घर बुडत असल्याची ती खूण आहे.

समुद्र आवरणे आपल्या हाती नाही. पण लोणार भोवतालच्या गावांच्या हाती पुष्कळ आहे. सांडपाणी खळग्यात जाऊ न देणे, शेताचे पाणी बांधानेच अडवून मुरवणे, काठाजवळच्या वावरात फवारणी जपून करणे, एवढे जमण्यासारखे आहे. आणि तुम्ही दर्शनाला गेलात तर धारेवर साबण लावू नका, प्लास्टिक टाकू नका. लेकराबाळांना घेऊन जरूर जा. मात्र काठावर उभे राहून त्यांना एवढे सांगा: बाळांनो, खारपाणपट्ट्यात आपण ज्या खाऱ्या पाण्याला नावे ठेवतो, त्याच्याचवर इथे कोणाचा तरी संसार चालला आहे.