तुटेपर्यंत ताणू नये!

परफॉर्मन्स कारवाल्या मंडळींच्या गप्पा कधी ऐकल्यात? टर्बो, एक्झॉस्टचा आवाज, अलॉय व्हील्स, शून्य ते शंभर किती सेकंदांत... कनेक्टिंग रॉडच्या बोल्टचं नाव कुणी काढत नाही. काढणार तरी कशाला? बोटाएवढा तुकडा, इंजिनाच्या पोटात दडलेला. ना दिसतो, ना मिरवता येतो.

माझी त्याच्याशी ओळख झाली ती मावसभावामुळे. आयटीतला पगार साठवून पठ्ठ्या ट्रॅकवर पळवायला गाडी तयार करत होता. चार सिलिंडर म्हणजे आठ बोल्ट. पुण्यातल्या गॅरेजमध्ये इंजिन उघडलं होतं आणि काढलेले बोल्ट धुऊन फडक्यावर मांडले होते. एकदम चकाचक!

‘काका, हेच परत टाकू ना? शनिवारी ट्रॅक बुक आहे,’ भाऊ म्हणाला.

‘साहेब, हे आता भंगारात. नवे आणा, मग इंजिन बांधतो. घाई असेल तर दुसरीकडे न्या.’

नवे यायला तीन आठवडे. भावाचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी मात्र काकांना विचारत बसले, की चांगल्या दिसणाऱ्या बोल्टाचा दोष काय?

दोष नाही, हिशोब आहे. पिस्टन वर-खाली जातो, क्रँकशाफ्ट गोल फिरतो. दोघांना जोडणारा दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड. त्याचं खालचं टोक दोन अर्धुकांचं असतं. ती क्रँकशाफ्टभोवती मिटवून दोन बोल्टांनी आवळतात. ९,००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १५० फेरे. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर, एकदा खाली थांबून उलटा वळतो. वर पोचलेल्या पिस्टनला तसंच पुढे निसटायचं असतं. त्याला खेचून परत आणायचा ताण येतो या दोन बोल्टांवर. त्यात आरपीएम दुप्पट झाले, की ही ओढ चौपट!

बोल्ट आवळताना तो किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा दोन्ही अर्धुकं दाबून धरतो. बऱ्याच इंजिनांत टॉर्क रेंचनं आवळून झाल्यावर आणखी ठरावीक अंश फिरवतात. तिथे बोल्ट जरासा कायमचा लांबतो. दुसऱ्यांदा तीच पकड मिळेल याची खात्री नाही, म्हणून तो एकदाच वापरायचा. डोळ्यांना हे कळत नाही. काकांना कळतं.

आणि ही पकड सुटली तर? २०१४ साली युरोपात पोर्शे ९११ जीटी३ मॉडेलच्या दोन गाड्यांना आग लागली. ३.८ लिटरचं, ४७५ हॉर्सपॉवरचं, ९,००० आरपीएमला जाणारं इंजिन. कारण निघालं कनेक्टिंग रॉडचा सैल झालेला बोल्ट! सुटलेल्या रॉडनं क्रँककेस फोडली, तेल गळलं आणि पेटलं. पोर्शेनं मालकांना गाड्या चालवू नका असं सांगितलं आणि त्या मॉडेलच्या सगळ्या, म्हणजे ७८५ गाड्यांची अख्खी इंजिनं बदलून दिली. नव्या इंजिनांत बोल्टांची जोडणी सुधारलेली होती.

हे वाचून मी भावाला फोन लावला. ‘माहितेय गं,’ तो म्हणाला, ‘शनिवारचं बुकिंग कॅन्सल केलं.’ मावशीला कारण सांगितलं नाही, एवढंच.

पार्सल आल्यावर काकांनी प्रत्येक बोल्टाच्या आट्यांना सांगितलेलंच वंगण लावलं. वंगण बदललं की घर्षण बदलतं, आणि मग टॉर्क तोच असूनही ताण वेगळा येतो. एकेक बोल्ट आवळून झाला, की त्यावर पेंटचा ठिपका. मध्ये फोन वाजला, तो घेतला नाही. आपल्या ऑफिसात ‘आज कसंही करून उडवू या’ म्हणणारे ढिगानं भेटतात. हातचं गिऱ्हाईक जाईल हे माहीत असून ‘नाही’ म्हणणारा माणूस मी क्वचितच पाहिलाय.

भाऊ अजून एक्झॉस्टच्या आवाजाचंच कौतुक सांगतो. मला कुणी वेगवान गाडीत बसायला बोलावलं, तर मी आधी विचारते, ‘इंजिन कुणी बांधलंय?’